न जळलेल्या विजेचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सरकारने रस्ता बांधला तर तो दिसतो. निकृष्ट बांधला तर पहिल्या पावसानंतर त्यावरचे खड्डेही दिसतात. गोदामात धान्य भरले तर पोती मोजता येतात आणि कमी भरली तर कोणाच्या तरी गळ्यात जाब अडकवता येतो. सार्वजनिक खर्चाच्या तपासणीचे सारे शास्त्र अशा मोजता येणाऱ्या वस्तूंवर उभे राहिलेले आहे. परंतु सरकारने उद्या एखाद्या कंपनीकडून 'बचत' विकत घेतली तर लेखापरीक्षकाने मोजायचे काय? बचत म्हणजे जे घडले नाही ते. जी वीज जळली नाही ती. मीटर फक्त जळलेल्या विजेची नोंद ठेवतो.

एखाद्या चाळीचे उदाहरण घेऊ. जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप यांचे सामाईक मीटर आहे. एक गृहस्थ येतो आणि म्हणतो, "दिवे व पंप मी नवे बसवून देतो. आज एक पैसाही देऊ नका. बिल जितके कमी येईल त्यातला वाटा दहा वर्षे मला द्या." चाळकरी खूष होतात. पहिल्या वर्षी बिल उतरते. पण त्याच वर्षी पंप दोन महिने नादुरुस्त होता आणि तीन बिऱ्हाडे गावी गेलेली होती. दुसऱ्या वर्षी वरच्या मजल्यावर नवी टाकी बसते आणि बिल चढते. गृहस्थ म्हणतो, "माझे दिवे नसते तर याहूनही चढले असते." त्याचे म्हणणे खोटे म्हणता येत नाही आणि खरे आहे हे सिद्धही करता येत नाही. शिवाय बचत किती झाली याचा कागद दरवर्षी तोच तयार करून आणतो.

अमेरिकेच्या लष्करी तळांवर गेली काही दशके हाच व्यवहार फार मोठ्या प्रमाणावर चाललेला आहे. त्याच्या तपासणीचे अहवाल प्रसिद्ध आहेत, आणि समाजवादी कार्यकर्त्याने ते अवश्य अभ्यासावेत असे आहेत. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या एकूण ऊर्जाखपापैकी सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक वाटा एकट्या संरक्षण खात्याचा असतो. त्यातला मोठा भाग विमाने, जहाजे व वाहने यांच्या इंधनाचा. उरलेला तळांवरील अडीच लाखांहून अधिक इमारतींचा. बराकी, रुग्णालये, कोठारे, सैनिकांची कौटुंबिक निवासस्थाने अशा सगळ्या प्रकारच्या इमारती त्यात येतात. १९७३ च्या तेलसंकटाने या इमारतींतील उधळपट्टी उघडी पाडली आणि त्यानंतर ऊर्जाबचतीसाठी अंदाजपत्रकातून थेट पैसे देण्यास प्रारंभ झाला.

१९८६ मध्ये, रेगन यांच्या कारकीर्दीत, दुसरा मार्ग काढण्यात आला व १९९२ च्या ऊर्जा कायद्याने तो रुंद केला. एनर्जी सेव्हिंग्ज परफॉर्मन्स कॉन्ट्रॅक्ट असे त्याचे नाव. मराठीत त्याला बचत-हमी करार म्हणता येईल. खासगी कंपनीने कर्ज काढून तळावर नवे बॉयलर, दिवे, वातानुकूलन यंत्रे बसवावीत. किती बचत होईल याची हमी द्यावी. आणि सरकारने वाचलेल्या वीजबिलातून तिचे मुद्दल, व्याज व नफा फेडत राहावे. मुदत कमाल २५ वर्षे. कायद्याची अट वरकरणी कडक आहे: वीजकंपनी आणि कंत्राटदार या दोघांना मिळून वर्षाला दिलेली रक्कम, करार नसता तर जे बिल भरावे लागले असते त्यापेक्षा जास्त असता कामा नये. कायदेमंडळाने हेतू शुद्ध ठेवला, यात शंका नाही. पण ज्या आकड्यावर ही सगळी अट उभी आहे तो आकडा कोणत्याही वहीत नाही. 'करार नसता तर' या तीन शब्दांवर हजारो कोटी रुपयांच्या तोडीचे व्यवहार तोललेले आहेत.

या मार्गाचे आकर्षण कशात होते, हे अर्थशास्त्राच्या अंगाने पाहिले पाहिजे. सरकारने स्वतः यंत्रे घेतली तर पूर्ण रक्कम त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात दाखवावी लागते. बचत-हमी करारात वर्षाच्या हप्त्यापुरतीच रक्कम खर्ची पडते आणि तीही वीजबिलाच्या खात्यातून. तूट फुगलेली दिसत नाही, नव्या कराचा विषय निघत नाही, 'खासगी क्षेत्राची कार्यक्षमता' हा मंत्र म्हणायलाही जागा राहते. परंतु सरकारला जगात सर्वात स्वस्त कर्ज मिळत असताना सरकारच्याच कामासाठी कंपनीने महाग कर्ज काढावे, यातला फरक कोणी तरी भरतोच. अमेरिकेच्या काँग्रेससाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस या संस्थेने, आपल्याकडच्या महालेखापालांशी जिचे साम्य सांगता येईल, डिसेंबर २००४ च्या अहवालात सहा करार निवडून हा फरक मोजला. वेळेवर व एकरकमी सरकारी तरतूद केली असती तर जो खर्च आला असता, त्यापेक्षा या करारांमुळे तो ८ ते ५६ टक्के अधिक पडला होता.

खात्यांचे उत्तरही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, 'वेळेवर व एकरकमी तरतूद' हा कागदावरचा पर्याय आहे. प्रत्यक्षात काँग्रेस ती करत नाही आणि वाट पाहण्यात जुने बॉयलर आणखी दहा वर्षे धूर ओकत राहतात. हा युक्तिवाद पोकळ नाही. वाट पाहण्यालाही किंमत असते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मात्र ज्या काँग्रेसला शस्त्रांसाठी दरसाल शेकडो अब्ज डॉलर सापडतात तिला बराकीच्या छताखाली उष्णतारोधक थर घालायला पैसे सापडत नाहीत, ही निसर्गाची आपत्ती नव्हे. तो राजकीय निर्णय आहे, आणि त्याचे व्याज करदाता भरतो. १९९९ ते २००३ या पाच वर्षांत विविध खात्यांनी असे २५४ करार केले आणि पुढील दहा ते पंचवीस वर्षांत सुमारे अडीच अब्ज डॉलर देण्याचे बंधन सरकारवर आणले. पुढे डिसेंबर २०११ मध्ये ओबामा यांनी दोन वर्षांत दोन अब्ज डॉलरचे कामगिरी-आधारित करार करण्याचे लक्ष्य खात्यांपुढे ठेवले व २०१४ मध्ये ते २०१६ अखेरपर्यंत चार अब्जांवर नेले. म्हणजे पक्ष बदलले तरी ओढ तीच राहिली.

आता मुख्य प्रश्न. या बचती खरोखर झाल्या काय?

जून २०१५ मध्ये त्याच तपासणी संस्थेने सात खात्यांचे व्यवहार तपासले. १९९५ ते २०१४ या काळात त्या खात्यांनी ५३० हून अधिक करार केले होते आणि त्यांची रक्कम सुमारे १२.८ अब्ज डॉलर होती. नमुन्यादाखल २० प्रकल्पांचे वार्षिक अहवाल उघडले तेव्हा १४ प्रकल्पांत बचतीचा काही भाग फुगवलेला आढळला. नमुना लहान होता, त्यावरून सर्वत्र तसेच आहे असे म्हणता येणार नाही, ही मर्यादा संस्थेने स्वतःच सांगितली. पण फुगवटा कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. बहुतेक ठिकाणी कोणी पेटी फोडली नव्हती. ज्या इमारतीत दिवे बसवले ती इमारतच पुढे बंद झाली किंवा पाडली गेली. बसवलेले यंत्र खात्याने काढून टाकले. कामाचे तास कमी झाले. कागदावर मात्र तिथली बचत दरसाल चालूच होती. आणि करारातील तरतूद अशी, की खात्याच्या कृतीमुळे बचत घटली तर जबाबदारी खात्याची; कंपनीचा हप्ता तसाच. पाडलेल्या इमारतीच्या न जळणाऱ्या दिव्यांचे पैसे सरकार भरत राहिले, असे याचे सरळ मराठी होते.

हे फसवणुकीपेक्षा वाईट आहे. फसवणुकीत निदान कायदा मोडलेला असतो. येथे सर्व काही नियमानुसार घडले.

लष्करी तळावर ही अडचण अधिक बिकट होते आणि त्याची कारणे तळाच्या रचनेतच आहेत. पुष्कळ तळांवर वीजकंपनीचे मोठे मीटर वेशीवर असते. आत शेकडो इमारती, पण कोणती किती वीज घेते याची वेगळी नोंद नाही. २००५ च्या ऊर्जा कायद्याने १ ऑक्टोबर २०१२ पर्यंत केंद्र सरकारच्या इमारतींना, व्यवहार्य असेल तेथवर, मीटर बसवण्याचे बंधन घातले. ज्या व्यवहाराला १९८६ मध्ये परवानगी दिली त्याच्या मोजमापाचे साधन असे १९ वर्षांनी आठवले. तोवर, आणि त्यानंतरही अनेक ठिकाणी, दिवा रोज अमुक तास जळतो असे करारातच गृहीत धरून त्यावर बचत आकारली जाई. गृहीतक दोन्ही पक्षांनी मान्य केले की तेच सत्य! त्यात तळाचे प्रमुख दोन-तीन वर्षांत बदलतात. करार करणारा अधिकारी पंचविसाव्या वर्षी कुठे असतो? पलटणी येतात, परदेशी जातात, बराकी रिकाम्या राहतात, पुन्हा भरतात. १९८८ पासून २००५ पर्यंत पाच फेऱ्यांत अनेक तळ बंद वा एकत्र करण्यात आले. अशा अस्थिर जागी पंचवीस वर्षांचा स्थिर हप्ता बांधून घेणे याला धाडस म्हणावे की बेफिकिरी, हे ज्याचे त्याने ठरवावे. संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१६ मध्ये हवाई दलाच्या बचत-हमी करारांचा अहवाल दिला, त्याच्या शीर्षकातच व्यवस्थापनात सुधारणा आवश्यक असल्याचे नमूद होते. कंपनीने पाठवलेला बचतीचा कागद खात्याने वेळच्या वेळी पडताळावा, इतकी साधी अपेक्षा अशा तपासण्यांच्या मुळाशी असते.

एवढे ऐकून एखादा उत्साही कार्यकर्ता म्हणेल की दोष खासगी कंपनीचा आहे. सरकारने थेट पैसे दिले की सारे ठीक होईल. दुर्दैवाने तसे नाही, आणि आपल्या बाजूच्या मंडळींनी हा भाग जास्त काळजीने ऐकावा. फेब्रुवारी २००९ मध्ये मंदीवर उपाय म्हणून अमेरिकेने ७८७ अब्ज डॉलरचा पुनरुज्जीवन कायदा केला. त्यातून संरक्षण खात्यालाही ऊर्जेच्या कामांसाठी थेट निधी मिळाला. कर्ज नाही, कंत्राटदाराचा वाटा नाही, निव्वळ सार्वजनिक पैसा. मात्र घाई होती. खर्च लवकर झाला पाहिजे, कामे लवकर निघाली पाहिजेत. सप्टेंबर २०११ मध्ये महानिरीक्षकांचे दोन अहवाल आठवडाभराच्या अंतराने आले. एक नौदलाच्या सौरवीज प्रकल्पांबद्दल होता आणि हे प्रकल्प किफायतशीर नव्हते, हे त्याच्या शीर्षकातच सांगितलेले होते. दुसरा अलास्कातील तीन दूरपल्ल्याच्या रडारकेंद्रांवर बसवायच्या पवनचक्क्यांबद्दल. त्यांचे नियोजन पुरेसे नव्हते असा निष्कर्ष. पवनचक्की उभारण्याआधी त्या जागी वारा वर्षभर मोजावा लागतो, हे सांगायला लेखापरीक्षक लागावा काय?

नौदलाच्या प्रकल्पांपैकी व्हर्जिनियातील नॉरफोक तळावरचा प्रकल्प पुढे अमेरिकी वृत्तपत्रांत गाजला. २ कोटी १० लाख डॉलर खर्चाचा, सुमारे दहा एकरांवरचा. तळाच्या गरजेच्या अवघी दोन टक्के वीज देणारा. महानिरीक्षकांच्या आधारे वृत्तपत्रांनी छापले की त्याचा खर्च बचतीतून भरून यायला ४४७ वर्षे लागतील. सौरपट्ट्यांचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षे. २०११ मधून ४४७ वर्षे मागे गेले तर तालिकोटची लढाई अजून व्हायची असते आणि विजयनगरचे साम्राज्य नांदते असते! केन्स यांनी मंदीत खर्च करायला सांगितले हे खरे. पण त्यांचे नाव घेऊन कोणत्याही खर्चाला आशीर्वाद मिळवता येत नाही. रोजगारासाठी खर्च करायचा होता तर तसे सांगायला हवे होते, त्याला ऊर्जाबचत म्हणायला नको होते. नाव बचतीचे घेतले की बचतीच्या मापानेच तो मोजला जाणार.

मग मोजणे शक्यच नाही काय? आहे. लुइझियाना राज्यातील फोर्ट पोक या लष्करी तळाचा दाखला त्यासाठी पुरेसा आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात तेथील सैनिकांच्या सर्वच्या सर्व ४,००३ कौटुंबिक घरांत जुनी शीतन व तापन यंत्रे काढून जमिनीतील स्थिर तापमानाचा उपयोग करणारे उष्णता-पंप बसवले. मार्ग हाच, खासगी भांडवलाचा. कंपनीने सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर गुंतवले. फरक पडला तो मोजणाऱ्याचा. ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने स्वतंत्रपणे काम हाती घेतले. घरांकडे जाणाऱ्या वीजवाहिन्यांवरील खप दर पंधरा मिनिटांनी नोंदवला. आणि महत्त्वाचे म्हणजे ही नोंद जुनी यंत्रे चालू असतानाच सुरू केली. एखादा उन्हाळा सौम्य गेला म्हणून बचत दिसू नये यासाठी हवामानाचा फरक गणिताने वेगळा काढला. निष्कर्ष असा निघाला की सर्वसाधारण हवामानाच्या वर्षात २ कोटी ६० लाख युनिट, म्हणजे या घरांच्या आधीच्या खपाच्या ३३ टक्के वीज वाचते. कमाल मागणी साडेसात मेगावॉटने, ४३ टक्क्यांनी उतरते. आणि घरे उबदार ठेवण्यासाठी व पाण्यासाठी जाळला जाणारा नैसर्गिक वायू लागतच नाही. हे आकडे कंपनीच्या जाहिरातीतले नव्हते म्हणून त्यांना मोल आले. प्रयोगशाळा ज्या ऊर्जा खात्याची, ते खाते अशा करारांचे पुरस्कर्ते होते, ही गोष्ट जाता जाता नोंदवायला हवी. तरीही मोजणाऱ्याची कमाई बचतीच्या आकड्यावर अवलंबून नव्हती आणि पूर्वीच्या खपाची खरी नोंद हाताशी होती. या दोन गोष्टी असल्या की 'करार नसता तर' या शब्दांना काही अर्थ येतो. नसल्या की तो कीर्तनातला दृष्टांत होतो.

म्हणून या सर्व प्रकरणात खासगी की सरकारी, हा वाद महत्त्वाचा असला तरी दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न मोजमाप कोणाच्या हाती, हा आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने खात्यांत महानिरीक्षक नेमले गेले आणि संरक्षण खात्याला ते १९८२ मध्ये लागू झाले. वर उल्लेखलेल्या अप्रिय अहवालांपैकी काही याच पदावरून निघाले. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने एका रात्रीत सुमारे सतरा महानिरीक्षकांना पदावरून दूर केले. त्यात संरक्षण खात्याचे महानिरीक्षकही होते. काटकसरीच्या घोषणा त्याच महिन्यात सर्वाधिक जोरात चालू होत्या.

आपल्याकडे येऊ. भारतात ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ चा आहे. बचतीतून परतफेड या तत्त्वावरील करारही सार्वजनिक क्षेत्रात रुळले आहेत. संरक्षण आस्थापनांमध्ये ३०० मेगावॉटहून अधिक सौरवीज उभारण्यासाठी २०१४-१९ या काळात केंद्राने अनुदानाची योजना आखली. छावण्यांतील वीज, पाणी व बांधकाम मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस पाहते. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर अशी सात छावणी मंडळांची ठिकाणे आहेत आणि तेथे आपले कार्यकर्ते पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. या ठिकाणी ऊर्जेवर होणारा खर्च हा संरक्षणाचा गुपित भाग आहे, अशी समजूत आपण नकळत करून घेतली आहे. तोफेचा पल्ला गुप्त असू शकतो. पथदिव्याचे बिल कसे गुप्त असेल? माहिती अधिकार कायद्याने काही सुरक्षा संघटनांना सूट दिली. त्या यादीत भूदल नाही आणि मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसही नाही. सुरक्षिततेला बाधक माहिती नाकारण्याचा अधिकार त्यांना आहे, पण तो एकेका प्रश्नापुरता, सरसकट नव्हे.

गुप्ततेची सवय मात्र वरूनच लागते. फेब्रुवारी २०१९ मध्ये राफेल विमानांच्या खरेदीवरील महालेखापालांचा अहवाल संसदेपुढे आला तो किमतींचे आकडे गाळून. ज्या अहवालाचे कामच किंमत तपासण्याचे, त्यातून किंमत वगळण्याची प्रथा एकदा पडली की बॉयलरच्या करारापर्यंत ती यायला किती वेळ लागेल? १९६३ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया लोकसभेत गेले आणि सामान्य माणसाच्या तीन आण्यांचा हिशेब मांडून पंतप्रधानांवर रोज होणाऱ्या खर्चाला त्यांनी त्याच्या शेजारी उभे केले. तेव्हाही शिष्टाचाराचा भंग झाला असे अनेकांना वाटले होते. १९६७ पासून लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची परंपरा आहे; तिचा उपयोग किती होतो हे तिच्यापुढे किती नेमके प्रश्न पोचतात यावर ठरते.

नेमका प्रश्न विचारायला फार विद्वत्ता लागत नाही. छावणीत उद्या कोणी एलईडी दिवे, नवे पंप किंवा छतावरच्या सौरपट्ट्या आणल्या तर काम सुरू होण्याआधीच्या तीन वर्षांची महिनेवार वीजबिले मागावीत आणि जपून ठेवावीत, कारण काम झाल्यावर ती मिळणार नाहीत. ज्या इमारतींत काम व्हायचे त्यांना स्वतंत्र मीटर आहे काय, नसल्यास ते आधी बसेल काय, हे लेखी विचारावे. बचतीचा वार्षिक दाखला कोण देणार आणि त्याचे शुल्क कोण भरणार, हेही. कराराच्या मुदतीत इमारत पाडली, पलटण हलली तर हप्ता थांबेल की नाही, हे कराराच्या कोणत्या कलमात आहे तेवढे कलम मागावे; संपूर्ण करार नाकारला जाईल, कलम नाकारणे अवघड जाते. देवळालीच्या किंवा कामठीच्या शाखेने हे काम एका छावणीपुरते जरी हाती घेतले तरी वर्षभरात बिलांची एक जाड फाइल उभी राहील. ती फाइल घेऊन मग खासदारांकडे जाता येईल.